घासूनपुसून पाठवलेल्या कार्ट्रिज

प्रिंटरची शाई संपली की ऑफिसातली माणसं वैतागतात. मी मात्र शाईची ती रिकामी डबी, म्हणजे कार्ट्रिज, हातात घेऊन बसते. पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेत मी बरीच वर्षं शिकवलं. तिथल्या चौथीतल्या एका मुलीची मला अजून इतकी आठवण येते, की माझ्या सख्ख्या लेकीला हे कळलं तर ती रुसून बसेल.

दिवाळी झाली की आमची वस्ती ओस पडायची. नवरा-बायको मिळून एक कोयता, असं तिकडे धरतात. हे कोयते ट्रकमध्ये बसून कोपरगावकडे ऊसतोडीला जायचे आणि पोरंही त्यांच्याबरोबर. शाळेत दुपारची खिचडी मिळायची, पण पोर मागे ठेवायचं तर संध्याकाळी त्याला भाकरी कोण घालणार? त्या मुलीच्या घरी मागे फक्त थकलेले आजोबा राहायचे. त्यांचंच शेजारीपाजारी बघायचे. तिची आई मला सरळ म्हणाली होती, "रातच्या भाकरीची सोय लावा बाई, पोर तुमच्या हवाली करते. म्या न्हाई शिकले, ती तरी शिकू द्या."

मागे राहणाऱ्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहाचा कागद त्या वर्षी कुठल्यातरी टेबलावर झोपी गेला होता. मला वाट बघणं जमत नाही, हा माझा जुना दोष. नगरला माझ्या धाकट्या भावाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने सांगितलं, की पुण्यातली एक संस्था प्रिंटरच्या रिकाम्या कार्ट्रिज गोळा करते. त्या पुन्हा भरून वापरात येतात आणि त्या बदल्यात शाळांना मदत मिळते. पोतंभर चांगला माल दिला तर चार-पाच मुलींच्या संध्याकाळच्या जेवणाचं भागेल, असा त्याचा अंदाज होता. मला तेवढं पुरेसं होतं.

आता मी पडले मराठीची बाई. झेरॉक्सच्या दुकानांसाठी चिठ्ठी लिहिली तीही शुद्ध मराठीत: 'आपल्याकडील रिकामी काडतुसे शाळेस द्यावीत.' दुसऱ्या दिवशी पोलीस पाटील शाळेच्या दारात. "बाई, शाळंत बंदुका कशापायी लागत्यात?" मुलं पोट धरधरून हसली. मी आधी चिडले आणि मग मलाही हसू आवरेना.

तेव्हापासून शनिवारी शाळा सुटली की आम्ही दोघी जीपने पाथर्डीला जायचो. मी बोलायला लाजायचे आणि ती कमरेवर हात ठेवून दुकानदाराला विचारायची, "काका, संपलेली हाय का? न्हाई तर संपवा बिगीबिगी, आमी थांबतो." परत येताना जीपमध्ये ती खोक्यांवरची इंग्रजी अक्षरं मोठ्याने वाचायची. 'मजेंटा' हा गडद गुलाबी शाईवरचा शब्द तिला एवढा आवडला, की ती शेळीलाही मजेंटा म्हणून हाका मारायला लागली. शिकवण्याचं इतकं सुख मला त्याआधी मिळालं नव्हतं, आणि नंतरही नाही.

पोतं भरलं. शाळेत उंदीर फार, म्हणून ते तिच्या घरी ठेवलं. सोमवारी न्यायला गेले तर अंगणात बाजेवर सगळ्या कार्ट्रिज ओळीने उन्हात वाळत घातलेल्या. तिची आई कोपरापर्यंत निळीकाळी झाली होती. राख आणि काथ्या घेऊन तिने एकूण एक कार्ट्रिज घासली होती, आतबाहेर पाण्याने विसळली होती.

"दुसऱ्याच्या घरी खरकटं भांडं कसं धाडावं, बाई?" ती म्हणाली. "लिव्हन्या-वाचन्यातलं मला काय बी कळत न्हाई. येवढं तरी करू द्या की पोरीसाठी."

मला तरी कुठे अक्कल होती! मी म्हणाले, "अगं, कसल्या लखलखीत केल्यास!" आणि पोतं तोंड शिवून पाठवून दिलं.

आठवड्याभराने भावाचा फोन आला. "ताई, या धुतल्या कुणी? तांब्याच्या पट्ट्या खरवडून निघाल्यात, आत पाणी शिरलंय. आहे तशाच पाठवायच्या असतात गं. संस्थावाले एकही घेत नाहीयेत."

ट्रक दोन दिवसांवर आला होता. शाळा सुटायच्या वेळी आई आलीच. "झालं का बाई काम?" तिच्या नखांत अजून निळं होतं. तू तुझ्या हाताने पोरीचं वर्ष धुऊन टाकलंस, हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचं? एरवी मी साहेबाचीही भीड ठेवत नाही. त्या दिवशी मात्र खोटं बोलले. "माल कमी पडला गं. आणखी लागत होत्या."

ती बोचकी बांधायला घरी गेली. दोन दिवसांनी मुलगी ट्रकमध्ये त्या बोचक्यांवर बसली होती. ट्रक हलला तशी ओरडली, "बाई, हजेरीतून माझं नाव काढू नका!"

नाव मी काढलं नाही. वैशाखात माणसं परत आली तेव्हा मी रोज शाळेच्या दाराशी उभी राहायचे. एका सकाळी तिची आई आली, डोक्यावर पोतं घेऊन. मी तिच्या मागे बघत राहिले. मागे कुणी नव्हतं.

"पोर तिकडंच हाय, माझ्या बहिनीपाशी," ती म्हणाली. "तिच्या बाळाला बघाया कुनी न्हाई. सालभराचा सबूद दिलाय."

मग तिने पोतं सोडलं. आत कार्ट्रिज होत्या, एकेक चकचकीत घासलेली. "पोरीनं हापिसं हिंडून गोळा केल्या, बाई. समद्या तिनंच घासल्या. म्हनली, कमी पडल्या हुत्या न्हवं, ह्या बाईंना दे. मंग बाई मला बोलवून घेतील."

मला राहवलं नाही. मी सगळं खरं सांगितलं. ती पोत्याशेजारी खाली बसली. एक कार्ट्रिज हातात घेऊन तिने ती उलटसुलट करून पाहिली.

"तवाच सांगायचं की, बाई," ती म्हणाली. "तिला म्हनले असते, घासू नको म्हून."

तिच्या बहिणीशी मी फोनवर दोनदा बोलले. दोन्ही वेळा मुलगी बाळाला घेऊन बाहेर गेली होती. वर्ष भरायच्या आत माझी बदली झाली. बाईंनी आपल्याला बोलावलंच नाही, असंच ती अजून समजत असेल.