ट्रंकेवरचं तिसरं अक्षर

दुपारचं जेवण झालं की श्रीरंग खानविलकर आडवे होतात, पण आज डोळा लागत नाही. खिडकीतून डिसेंबरातलं मऊ ऊन पायांवर आलं आहे आणि मघाचं भांडण अजून डोक्यातून जात नाही. परवा केतकीला निघायचं आहे. ज्या लष्करी अकादमीत शिकून ते स्वतः अधिकारी झाले आणि पुढे कर्नल म्हणून निवृत्त झाले, त्याच अकादमीत त्यांची लेक चालली आहे. सगळी मिरज त्यांच्याकडे पेढे मागते आहे आणि बापाचा जीव काही थाऱ्यावर नाही.

ताटावर बसूनच ते म्हणाले होते, "अजून वेळ गेलेली नाही. नीट विचार कर."

"तुम्ही केला होतात का विचार, बाबा?"

"मी परत आलो म्हणून तुला सोपं वाटतंय. जा, केदारला विचार!"

त्यावर केतकी ताटावरून उठली. सुनीती, त्यांची बायको, आवराआवर करू लागली. केदार हारदे म्हणजे त्यांचा अकादमीतला रूममेट. तीन वर्षं दोघांनी एका खोलीत काढली. पुढे सरहद्दीवरच्या एका चौकीवर हिमकडा कोसळला आणि केदार त्याच्याखाली गाडला गेला. राहुरीला त्याच्या घरी त्याला पोचवायला श्रीरंगच गेले होते. त्यानंतर त्याचं नाव त्यांनी सहसा काढलं नाही. आज काढलं, तेही असं.

आता मायलेकी निरोप घ्यायला मावशीकडे निघाल्या आहेत. बाहेरचं दार ओढून घेतल्याचा आवाज येतो. घर रिकामं होतं. पापण्या जड होतात. रस्त्यावरच्या रिक्षाचा आवाज लांब लांब जातो.

मग बुटांचा आवाज येतो.

फरशीवर टाच टेकत, एका लयीत, बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत. तो आवाज पलंगापाशी थांबतो.

"रंग्या, सरक जरा."

या नावाने हाक मारणारं जगात कोणी उरलेलं नाही. श्रीरंगांच्या अंगावर सरसरून काटा येतो. डोळे उघडायचेच नाहीत, असं ते ठरवतात. तरी त्यांना दिसतं. पायथ्याशी केदार बसला आहे. वीस वर्षांचा, पांढऱ्या हाफ पँटमध्ये, केस बारीक कापलेले. कानांच्या पाळ्या तेवढ्या निळ्या पडल्या आहेत.

"तू... तू कसा काय आलास?"

"तूच बोलावलंस की. केदारला विचार म्हणालास ना? कुठाय पोरगी?"

"ती घरात नाही."

"मग थांबतो."

"थांबू नकोस. केदार, हात जोडतो, तू जा."

केदार जात नाही. तो हसतो, तसाच, एका गालाने. श्रीरंग उठायला बघतात तर पाठीखाली गादी नाही. लोखंडी कॉट आहे, अरुंद, कुरकुरणारी. भिंतीवर कॅलेंडर होतं तिथे आता खिडकी आहे आणि खिडकीबाहेर अकादमीचं मैदान. कोणीतरी मुलांना पळवतं आहे, पण पळणारं कोणी दिसत नाही, नुसती धूळ उडते आहे. श्रीरंग बनियनवर आहेत, पोट सुटलेलं, छातीवरचे केस पांढरे. त्यांना लाज वाटते आणि त्या लाजेपेक्षा भीती मोठी आहे. समोरच्या कॉटवर, केदारच्या कॉटवर, केतकीची उशी ठेवलेली आहे.

"हिला माझी कॉट दिली वाटतं," केदार म्हणतो.

"नाही! तुझी नाही. तुझी कशाला देतील?"

"मग कुणाची देतील? सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या असतातच."

दोन कॉटच्या मधे केतकीची काळी ट्रंक आहे, कालच बाजारातून आणलेली. केदार तिच्यासमोर उकिडवा बसला आहे. हातात ब्रश, शेजारी पांढऱ्या रंगाचा डबा. त्याचे मामा राहुरीला ट्रकवर नावं रंगवायचे आणि सुट्टीत हाही त्यांच्या हाताखाली रंगवायचा. आख्ख्या स्क्वाड्रनच्या ट्रंकांवर त्यानेच नावं घातली होती. त्या बदल्यात सीनियर मुलं त्याचा रगडा, म्हणजे शिक्षेचं रांगणं आणि पळणं, माफ करायची, निदान अर्धा.

"बिननावाची ट्रंक देऊन पाठवतोस होय रे? पहिल्याच दिवशी कोपरं सोलून निघतील तिची."

तो लिहायला लागतो. इंग्रजी, मोठी अक्षरं. के. मग ई. रेघा अशा सरळ, की पट्टी लावून ओढाव्यात.

आणि श्रीरंगांच्या एकदम लक्षात येतं. केतकी आणि केदार, दोन्ही नावं इथपर्यंत एकच आहेत. बारशाला त्यांनीच हट्टाने के वरून नाव ठेवायला लावलं होतं. आता पुढे टी आला तर लेकीचं नाव. डी आला तर ही ट्रंक केदारची.

"केदार, कुणाचं नाव लिहितोयस?"

"ट्रंक धर. हलतेय."

"कुणाचं नाव ते सांग आधी!"

"धर म्हटलं ना!"

श्रीरंग दोन्ही हातांनी ट्रंक धरतात. पत्रा बर्फासारखा गार आहे. बर्फच आहे. खिडकी नाही, कॉट नाही. चहूकडे पांढरा उतार, वर पांढरं आभाळ, आणि ट्रंक अर्धी आत गेलेली. तिच्या आतून कोणीतरी हळूहळू ठोकतं आहे. श्रीरंग नखांनी बर्फ उकरायला लागतात. जितका उकरतात तितका वरून घसरतो. त्यांना ओरडायचं आहे, पण तोंडात बर्फ आहे. शेजारी केदार उकिडवा, हाफ पँटवर, ब्रश झटकतो आहे, जणू घाई कसलीच नाही.

मग श्रीरंगांच्या तोंडून तेच निघतं, जे राहुरीला त्याच्या आईच्या पुढ्यात बसून गिळलं होतं.

"केदार, फार वेळ लागला का रे तुला?"

केदार थांबतो. "मला नाही लागला. तू मात्र अजून खणतोयस."

ठोकणं बंद होतं. ते बंद झालेलं आणखी भयंकर वाटतं.

"पोरीला काय सांगितलंस माझ्याबद्दल?"

"तू गेलास, ते."

"आणि?"

श्रीरंग पुन्हा बर्फ उकरायला लागतात.

"एवढंच? तीन वर्षं एका खोलीत राहून एवढंच?" केदारचा आवाज दुखावलेला आहे, पोरगेला. तो ब्रश बुडवतो आणि तिसरं अक्षर सुरू करतो. वरून खाली, एक उभी रेघ. ती डीची असू शकते, टीचीही असू शकते. ब्रश पुन्हा वर, रेघेच्या टोकाशी जातो आणि तिथे टेकतो. श्रीरंग त्याचं मनगट पकडतात. त्या गारठ्याने खांद्यापर्यंत कळ जाते.

"तिला नको!" ते ओरडतात. "केदार, तिला नको!"

त्या ओरडण्यानेच ते जागे होतात.

ऊन खिडकीतून सरकलं आहे. बनियन घामाने भिजलं आहे आणि उजवा हात खांद्यापर्यंत बधिर आहे. बाहेरचं दार वाजतं, मायलेकींचं बोलणं ऐकू येतं. मग बाहेरच्या खोलीतून केतकीची हाक येते.

"बाबा! अर्धंच लिहून का ठेवलंत?"

ते भिंतीला धरून बाहेर येतात. ट्रंकेच्या झाकणावर के आहे, ई आहे, आणि एक उभी रेघ. तिच्या टोकाशी ओला रंग थेंबासारखा जमला आहे. केतकीने आणलेल्या डब्याचं झाकण उघडं आहे, वर आडवा ब्रश. श्रीरंग आपली बोटं बघतात. एकाही बोटाला रंग नाही.

"काय झालं हो? चेहरा असा का पडलाय?" सुनीती विचारते.

त्यांना दरवाजा उघडा टाकून पळून जावंसं वाटतं. पण ती रेघ तशी सोडून जाणं त्याहून अवघड आहे. ते फरशीवर बसतात आणि ब्रश उचलतात.

"ट्रंक धर," ते केतकीला म्हणतात.

उभ्या रेघेच्या डोक्यावर ते या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड आडवी रेघ ओढतात. टी. मग दम न घेता उरलेली तीन अक्षरं, वाकडीतिकडी, एकमेकांवर पडलेली.

केतकी मान कलती करून वाचते. "सुरुवातीची अक्षरं तुमची वाटतच नाहीत."

"माझी नाहीतच."

ती हसून त्यांच्याकडे बघते आणि मग हसायची थांबते. "मग कुणाची?"

"बस इथे," श्रीरंग म्हणतात. "सांगतो."

रंग वाळेपर्यंत ते ट्रंकेजवळून उठत नाहीत.