थ्री फेजचा हात

स्वतःच्या हाताने पाण्याचा पेलासुद्धा न उचलता साठी ओलांडलेला केज तालुक्यातला एकमेव माणूस म्हणजे माझ्या बायकोचे मामा. घरी भरपूर शेती, गावात पुढारपण. चपला कुणीतरी पायापुढे सरकवायच्या, फटफटी कुणीतरी चालवायची, आणि माठ खाटेशेजारी असला तरी “पाणीऽ!” ही हाक आतल्या खोलीपर्यंत जायची. मामी हातातलं काम टाकून यायच्या. लोक दोन्ही हात जोडून नमस्कार करत, मामा उत्तरादाखल उजवा हात जरासा वर करत. त्या हाताला पडणारे कष्ट काय ते एवढेच.

नेमका तोच हात लकव्याने गेला. पाय सावरला, जीभ तर दुसऱ्याच दिवशी पूर्ववत शिव्या देऊ लागली. मनगट मात्र लोंबतं ते लोंबतंच. अंबाजोगाईच्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी हातावर पट्ट्या चिकटवल्या, एक छोटंसं मशीन चालू केलं आणि करंट लागताच मनगट आपोआप वर आलं. मामांनी मशीन न्याहाळलं. “सेलवर चालतं व्हय हे? मॅडम, ह्या हातानं तालुका हलवलाय. थ्री फेज जोडा!” शेतातल्या मोटारीला जे मिळतं ते आपल्याला कावून न्हाई, ही त्यांची तक्रार होती. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त मास्तर हेच उपचार घेत. त्यांच्या मशीनवरचा आकडा मोठा आहे हे कळताच मामांनी आपलाही वाढवून घेतला आणि अशी बोंब ठोकली की रस्त्यावरचे रिक्षावाले आत डोकावले. पण आकडा खाली घेतील तर शपथ! “मास्तरच्या खाली जाऊ व्हय?”

पुढे मॅडमनी मशीन घरी वापरायला दिलं आणि बजावलं, “काका, करंट आला की तुम्हीही मनापासून जोर लावायचा. नुसत्या मशीनने हात परत येत नाही, आणि उशीर झाला तर मुळीच येणार नाही.” मामांना हे पटेना. “करंट उचलायलाय ना, मग मी कावून उचलू?”

झालं! रोज सकाळी ओसरीवर दरबार भरू लागला. मंडळी जमली की मामी मशीन चालू करत. हात वर येई, मामा नमस्कार स्वीकारत आणि मंडळी “लई सुधारणा हाय!” म्हणत चहा ढोसत. मशीन बंद झालं की हात मांडीवर पडे. मग मामा गुपचूप त्यावर उपरणं ओढत. घास भरवायला मामीच. मी एकदा म्हटलं, “मामा, तुम्हीही थोडा जोर लावा की.” तर म्हणाले, “जावईबापू, जोर लावायला माणसं ठिवलीत.” मला असा संताप आला! ठेवलेलं माणूस एकच, मामी, आणि त्यांचं कंबरडं मोडायला आलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात मामींना ताप भरला. मी केजहून गोळ्या घेऊन परतलो तेव्हा घरात ते दोघंच होते. आतून बारीक आवाज आला, “पाणी.” त्या घरात ही हाक उलट्या दिशेने मी पहिल्यांदाच ऐकली. मामांनी सवयीने आजूबाजूला पाहिलं. कुणी येईना. मी उंबऱ्यातच थांबलो, त्यांच्या नजरेला पडलो नाही.

मामा उठले. डाव्या हातात काठी, म्हणजे पेला उजव्यानेच धरायला हवा. पहिला निसटला, खणखणत गेला. त्यांनी दात-ओठ खाल्ले, घामाघूम झाले, आणि ते मनगट हळूहळू वर आलं. बोटं मिटली. अर्धं पाणी वाटेत सांडत ते आत पोचले.

मामी दोन घोट प्यायल्या आणि रडायलाच लागल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, “किती सांडलंत ओ!”

“सेल उतरलेत,” मामा गुरगुरले.

मशीन तर कोनाड्यात बंद करून ठेवलेलं होतं.

हात आला तो एवढाच. फार उशीर झाला, असं मॅडम म्हणाल्या. नमस्काराला तो आता पुरता वर होत नाही, आणि मंडळीही फारशी येत नाहीत. पण तेवढा तरी चालता राहावा म्हणून मामी रोज दुपारी आतून पाणी मागतात, तहान असो वा नसो. मामा कुरकुरत काठी शोधतात.