दहावा माणूस

सिरोंच्याकडे जाणाऱ्या वाटेवर, लाकडाच्या डेपोला लागून आमच्या हिवतापाच्या पथकाचा तळ होता. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. काचेवर घेतलेले रक्ताचे थेंब सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं हे माझं काम. एका हिवाळ्यात बाहेरून एक डॉक्टर आले. ताप येऊ नये म्हणून आधीच घ्यायची एक नवी गोळी त्यांना पारखून पाहायची होती. त्यासाठी दहा धडधाकट माणसं हवी होती. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली, आणि मग सगळ्यांना हिवतापाचे डास चाववायचे. जंगलातल्या लोकांच्या अंगात हा ताप लहानपणापासून मुरलेला, म्हणून नुकती बाहेरून आलेली माणसंच चालणार होती.

माझा मोठा भाऊ तेव्हा नुकताच डेपोत कारकून म्हणून लागला होता. त्यानं आपण होऊन नाव दिलं. कोणीतरी केलंच पाहिजे, म्हणाला. अंगठा किंवा सही घ्यायचा कागद मी त्याला घरी नीट वाचून दाखवला. उपचार लगेच होतील, पण क्वचित जिवाला धोका होऊ शकतो, असं त्यात एक वाक्य होतं. भावानं ते ऐकलं आणि सही केली. मला मात्र ते वाक्य झोपू देईना.

सकाळी तपासणीच्या तक्त्यावर त्याच्या नावापुढे मी लिहिलं, पाणथरी वाढलेली, म्हणजे प्लीहा सुजलेली, जुन्या हिवतापाची खूण. डॉक्टरांचा माझ्यावर भरवसा होता. त्यांनी नाव खोडलं आणि दहावा म्हणून दुसरा माणूस बघायला सांगितलं.

मी वरोऱ्याकडून आलेल्या एका गाडीवानाला गाठलं. तो दोन महिन्यांपूर्वी बायकोला घेऊन लाकडं ओढायच्या कामावर आला होता. पंधरा दिवस काम नाही, दोन वेळचं जेवण, हे ऐकून तो तयार झाला. मग त्यानं सहज विचारलं, "तुमच्या भावाचं नाव होतं न? त्याले काऊन नाई घेतलं?"

पोट तपासलं तर पाणथरी निघाली, असं मी सांगितलं.

"मंग माही चांगली हाये म्हना," तो म्हणाला आणि हसला.

त्यालाही मी कागद वाचून दाखवला. एकही शब्द गाळला नाही. पण ते वाक्य मी भरभर वाचलं, आणि वाचताना त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानं अंगठा दिला.

डास कंदिलाच्या काचेत ठेवलेले असत, तोंडाला जाळी बांधून. डॉक्टरांनी एकेकाच्या हातावर ती काच पालथी धरली. बाराव्या दिवशी गाडीवानाला हुडहुडी भरली. त्याच्या रक्ताची काच मीच तपासली. जंतू इतके होते की मोजणं अर्धवट टाकून मी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी लगेच औषध सुरू केलं, ते त्याच्या उशाशी बसून राहिले. पण ताप डोक्यात गेला. दोन दिवस तो बैलांना हाका मारत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी गेला. गोळ्यांची यादी उघडली तेव्हा कळलं, त्याला औषध नसलेली गोळी मिळाली होती.

डॉक्टरांनी काम तिथंच थांबवलं. सगळा दोष त्यांनी स्वतःवर घेतला, वर तसं लिहूनही कळवलं. मी त्यांना माझं सांगितलं नाही. प्रेताला खांदा द्यायला माझा भाऊही होता. परतताना तो एवढंच म्हणाला, "मायी पाणथरी कधीच वाढली नव्हती. तुले मालूम होतं." त्यानंतर आम्ही एका घरात राहिलो, पण बोललो ते कामापुरतं.

चार दिवसांनी गाडीवानाची बायको त्याचं अंथरूण न्यायला आली. रडत नव्हती. तिनं विचारलं, "भाऊ, यात माणूस मरू बी शकते, हे त्यायले माहीत होतं का?"

वाचून दाखवलं होतं, मी म्हणालो.

"तवा ते आयकत होते का?"

मी अंथरूण गुंडाळून तिच्या हाती दिलं. ती वळकटी काखेत घेऊन डेपोच्या फाटकाकडे गेली. मी पथकातच राहिलो, निवृत्त होईपर्यंत. कागद पुढेही पुष्कळ वाचून दाखवावे लागले, आणि समोरच्याला समजलं का, हे मी दरवेळी विचारत गेलो. बहुतेक जण मान डोलवत.