कारल्याच्या टोपलीतला आकडा

हौसाला अक्षर वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते. एसटीच्या तिकिटावरचे, गाडीच्या पाटीवरचे, तराजूच्या मापावरचे. आणि एक आकडा तर झोपेतून उठवून विचारला तरी तिच्या तोंडावर असे. तिच्या बंदुकीचा.

गणेशपुरीजवळच्या पाड्यावर तिचं दीड एकर भात. कणसं भरली की डोंगरातून रानडुकरं उतरत. म्हणून तिच्या नवऱ्याने शेतराखणीचा परवाना काढून ठासणीची बंदूक घेतली होती. तो देवाघरी गेला आणि वारसाने परवाना हौसाच्या नावावर झाला. पाड्यावरच्या बाया हसल्या, "हौसा आता फौजदारीण झाली गं!" झाली तर झाली. नवऱ्याची शिस्त मात्र तिने मोडली नाही. बार भरायचा तो बांधावर, घरात नाही. माणसाकडे नळी करायची नाही, थट्टेतसुद्धा. दुसऱ्याच्या हत्याराला हात लावायचा नाही. डुकरंही तिने कधी मारली नाहीत. आभाळात एक बार काढला की कळप डोंगराला लागे.

निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. २००४ साली तर दोन निवडणुका आल्या. दोन्ही वेळा हौसा बंदूक गोधडीत गुंडाळून बाळंतिणीला नेतात तशी जपून घेऊन गेली. शिक्क्याची पावती आणून वज्रेश्वरीच्या तसबिरीमागे ठेवली.

दुसऱ्या जमेनंतरची गोष्ट. गौरी जाऊन आठवडाही झाला नव्हता. हौसाचा धाकटा भाऊ दौलत आपल्या तीनचाकी टेम्पोतून पाड्यावरची भाजी भिवंडीला नेई. नाईट शिफ्ट सुटलेले लूमवाले सकाळी भाजी घेऊनच घरी जातात, म्हणून घाई. हौसा मागे टोपल्यांत बसलेली. मागून एक मोठी काळी गाडी आली आणि हॉर्नवर हॉर्न. रस्त्याच्या दोन्ही कडा पावसाने खाल्लेल्या, त्यात पुढे ओढ्यावरची अरुंद मोरी. दौलतने मोरी ओलांडून साईड दिली. पण तेवढा वेळ त्या गाडीवाल्याला लई झाला. गाडी आडवी घालून तो उतरला.

हा वळकडच्या पंढरीशेठचा मुलगा, हितेश. जमिनीवर गोदामं उभी राहिली, भाडं सुरू झालं आणि पोराच्या कमरेला रिव्हॉल्वर आलं. कपाळाला वज्रेश्वरीचं ताजं कुंकू, आणि तोंडात आयाबहिणी.

"बहिरा हायस का रं? हॉर्न ऐकू येत न्हाय?"

"शेठ, मोरी होती. साईड देऊ कुठं?"

"वर तोंड करून बोलतोस?"

आणि कानफटात. दौलत भेलकांडला. हितेशने कमरेचं रिव्हॉल्वर काढून त्याच्या छातीवर टेकवलं. मग दौलतचे कान दोन्ही हातांनी पिळायचे म्हणून ते त्याने टेम्पोत, हौसाच्या पुढ्यातल्या कारल्याच्या टोपलीवर ठेवलं.

"म्हातारे, सांभाळ जरा!" म्हणून हसला.

पोराने तिथेच माती खाल्ली. त्याला वाटलं, भाजीवाली म्हातारी, तिला काय कळतंय.

दोन पोरांचा बाप असलेला दौलत, भर रस्त्यात कान धरून उठाबशा काढत होता. हितेश मोजत होता, "एक... दोन... नीट बस, गुडघे मोडलेत का?" भरलेलं हत्यार हौसाच्या हाताच्या अंतरावर. हात शिवशिवला तिचा. खोटं कशाला बोला? एवढं जवळून आंधळ्याचाही नेम चुकला नसता. पण दुसऱ्याचं हत्यार! तिने हात पदरात गुंडाळले आणि मान खाली घातली. हितेशला वाटलं, म्हातारी भ्याली. तो उठाबशा मोजत होता, हौसा हत्यारावर कोरलेले आकडे वाचत होती. पाच आकडे. दहाव्या उठाबशीपर्यंत पाठ झाले.

गाडी गेल्यावर दौलत रडला. हौसा नाही रडली. वाटेत पायातल्या चपला काढून तिने टोपलीत टाकल्या.

"आई वज्रेश्वरी, तुझं कुंकू लावून यानं माझ्या भावाला नाचवला. त्याच्या कमरेचं सुटेस्तवर माझ्या पायात चप्पल न्हाय."

"ताय, सोड," दौलत म्हणाला. "मला रोज याच रस्त्यानं जायचं हाय."

"म्हणूनच न्हाय सोडायचं."

मंडईत नेहमीच्या गिऱ्हाईकाने, जमिलाने विचारलं, "मौसी, चप्पल किधर गई?"

"गिरवी ठेवलीये," हौसा म्हणाली. "एकाचं नाक खाली येईल, मग सोडवीन."

दुसऱ्या दिवशी ती ठाण्यात गेली. हितेशला बोलावणं गेलं. तो म्हणाला, "कसलं रिव्हॉल्वर साहेब? सिगारेटचा लायटर होता, पिस्तुलासारखा." साहेब हौसाकडे बघून हसले. "मावशी, घाबरल्या असाल. लायटर असेल."

"असंल साहेब. पर लायटरावर नंबर असतो का?" आणि तिने पाच आकडे घडाघडा म्हटले. "माझी बंदूक तुमच्या कोठडीत हाय, पावती हाय माझ्याकडं. मग ह्याचं हत्यार रस्त्यावर कसं?"

साहेबांनी रजिस्टर मागवलं. आकड्याला आकडा जुळला. परवाना हितेशच्याच नावाचा, आणि जमेच्या रकान्यात काही नाही.

पण रजिस्टर उघडलं की सगळ्यांचीच पानं दिसतात. साहेबांनी हौसाचा परवाना पाहिला आणि त्यांचा आवाज उतरला. मुदत जूनमध्येच संपली होती. बाईची समजूत काय, तर ठाण्यात बंदूक जमा केली, शिक्का पडला, म्हणजे परवाना नवा झाला! पहिल्या निवडणुकीच्या पावतीला तिने नूतनीकरण मानून नव्या परवान्याचा नारळसुद्धा फोडला होता.

त्याच संध्याकाळी पंढरीशेठ स्वतः पाड्यावर आले. पेढ्यांचा पुडा ओट्यावर ठेवला.

"हौसाबाय, पोरगं तापट हाय. तक्रार मागं घे. तुझ्या परवान्याचं मी ठाण्याला कलेक्टर कचेरीत जाऊन करून आणतो, कोणाला तारीख दिसणार न्हाय. न्हायतर तुझीबी बंदूक जाईल. भात पिकायला आलंय."

"आणि दौलतचं?"

"तो येऊन माफी मागंल. घरात, चार माणसांत."

"शेठ, मारलं रस्त्यात आणि माफी घरात?" हौसाने पुडा उचलून त्यांच्या हातात दिला. "मोरीवर आणा त्याला. कान धरू द्या. मी मोजते. दहाच."

पंढरीशेठ उठले. "अगं, डुकरं खातील तुझं शेत!"

"डुकरं भुकेनं खातात."

सकाळी ती अनवाणी ठाण्यात उभी राहिली. "लिवा साहेब. त्याचं लिवा, माझंबी लिवा. मुदत सरली ही चूक माझी. त्याला ज्या वहीत घालाल, त्याच वहीत मला घाला."

निवडणुकीचे निकाल लागले, सगळ्यांची हत्यारं परत गेली. हौसाची गेली ती गेलीच. त्या साली डुकरांनी अर्धं भात लोळवलं. ती पत्र्याचे डबे बडवून थकली. बाया म्हणाल्या, "काय मिळवलंस गं?" हौसा फक्त विचारी, "त्याचं आलं का परत?" नव्हतं आलं. चौकशी, तारखा, वकील. होळीला चार दिवस असताना साहेबांनी निरोप धाडला, हितेशचा परवाना रद्द. रस्त्यावर हत्यार काढल्याची केस वेगळी.

हौसाने वज्रेश्वरीची ओटी भरली. टाचांना भेगा पडून रक्त आलेलं, तरी पायऱ्या उतरताना तिने चपला अशा घातल्या, जशी नवरी जोडवी घालते.

पुढच्याच आठवड्यात त्याच मोरीपाशी मागून काळी गाडी आली. ओळखीची. हॉर्न नाही वाजला. गाडी निमूट मागून येत राहिली. दौलतने आरशात पाहिलं.

"ताय, तोच हाय. साईड देऊ ना?"

हौसाने टोपलीतून मान वळवली आणि काचेमागच्या चेहऱ्याकडे पोटभर बघून घेतलं.

"दे की," ती म्हणाली. "पण सावकाश दे."