विमानवाल्याची होडी

माझ्या भावाच्या होडीला चपलेचं ठिगळ होतं. निळ्या स्लिपरचा तळवा कापून, त्याला डांबर फासून, तो तिच्या बुडाला चिकटवला होता. कडेकडेनं लांबीचे लगदे होते आणि एका जागी चक्क ताडपत्रीचा तुकडा. एवढं करूनही होडी गळायचीच. वल्ही मारायला एक माणूस आणि आतलं पाणी उपसायला दुसरा, असा तिचा थाट होता.

भावाची द्राक्षबाग गंगापूर धरणाच्या फुगवट्याला लागून आहे. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं, तसा पंपाचा पाइप पुढे पुढे न्यावा लागतो. पाइपाच्या टोकाशी असलेला, पाणी ओढणारा जाळीचा फुटव्हॉल्व शेवाळानं नाहीतर प्लास्टिकच्या पिशव्यांनी तुंबला, की पाण्यात जाऊन तो साफ करावा लागतो. त्यासाठी ही फायबरची होडी त्यानं कुठूनशी जुनी उचलली होती. शेतकऱ्याची होडी ती. तिच्यात बसून कुणी चांदणं बघत नाही.

आम्ही राहतो शहरात, गंगापूर रोडला, तिसऱ्या मजल्यावर. मी शाळेतून निवृत्त झाले आणि हे ओझरच्या विमान कारखान्यातून. हे म्हणजे आमचे हे. या वयात नवऱ्याला दुसरं काय म्हणायचं असतं ते मला ठाऊक नाही. नोकरीभर हे पत्र्याच्या विभागात होते. विमानाच्या अंगावरचा पत्रा कापणं, वाकवणं, रिव्हेट ठोकणं. घरातल्या कुकरच्या दांड्यालाही यांनी असा रिव्हेट मारलाय की कुकर जाईल पण दांडा राहील.

मागल्या वर्षी यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र मागे राहिला. बोटं मिटायची, पण मूठ व्हायची नाही. व्यायामासाठी रबराचा चेंडू दिला होता, तो यांनी सोफ्याखाली ढकलला आणि केरसुणीला सापडला तेव्हा मला म्हणाले, "राहू दे तिथंच." मग एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "आता माझ्यानं काही होणार नाही. मला काम सांगत जाऊ नकोस." मी सांगणं बंद केलं. चुकून नळ गळायला लागला तर यांना कळायच्या आत प्लंबर बोलवायचे. मला हाताची भीती नव्हती. डाव्या हातानंही माणूस जेवतो, दाढी करतो. हे दिवसेंदिवस खुर्चीतले होत चालले होते, त्याची भीती होती.

चैत्रात एकदा भावाकडे गेलो. यांना बदल म्हणून मीच ओढून नेलं होतं. होडी करंजाच्या झाडाखाली पालथी पडलेली. हे तिच्याजवळ थांबले, वाकले, चपलेच्या ठिगळावर बोट फिरवलं आणि माझ्या भावाकडे बघून असे काही कडाडले, की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

"हे काय केलंय? ही दुरुस्ती आहे? लाज नाही वाटत?"

"दाजी, आवो, चालतंय की," भाऊ म्हणाला. "थोडं पानी येतंय, उपसतो आम्ही."

"विमान पण थोडं पडलं तर चालतं का?"

भावानं माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं दाजी रागावले. मला मात्र आतून इतका आनंद झाला की काय सांगू. वर्षभरात या माणसाला पहिल्यांदा कशाचा तरी राग आला होता.

मग आम्ही दर दोन-तीन दिवसांनी शेतावर जायला लागलो. हे करंजाखाली खुर्ची टाकून बसायचे आणि उंटावरून शेळ्या हाकायचे. शेळ्या म्हणजे मी आणि भाऊ. आधी चप्पल, डांबर, लांबी सगळं खरवडून काढलं. मग होडी दगडांवर सुलटी ठेवून तिच्यात पाइपानं पाणी भरलं. "पाण्यात सोडून आत कुठून येतंय ते कशाला शोधायचं? आत भरा, बाहेर कुठून पडतंय ते दिसेल," हे म्हणाले. जिथं थेंब दिसला तिथं मी खडूनं गोल केला. जन्मभर फळ्यावर लिहिलं, म्हातारपणी होडीच्या पोटावर.

होडी वाळल्यावर प्रत्येक गोलाभोवती पॉलिश पेपरनं घासायचं, थिनरनं पुसायचं, मग काचेच्या धाग्यांची मॅट ठेवून तिच्यावर रेझिन लावायचं. सामान सातपूरहून आणलं होतं. पहिल्या दिवशी मी घाईनं सगळंच रेझिन एका डब्यात हार्डनर घालून कालवलं. उन्हात ते ब्रश बुचकळेपर्यंत तापलं आणि दगड झालं, आत ब्रश उभाच. हे हसू दाबत होते, पण यांच्या मिशा हलत होत्या. काचेच्या धाग्यांनी हातांना अशी खाज सुटायची की रात्री खोबरेल तेल चोळत बसायची वेळ यायची. पण दुसऱ्या दिवशी हात लावून बघावं तर ठिगळ गुळगुळीत आणि टणक, मुळातलंच असल्यासारखं.

यांची एक सवय आम्हाला छळायची. संध्याकाळी काम संपलं की सगळी हत्यारं फडक्यावर मांडायची आणि मोजायची. एखादा स्क्रू ड्रायव्हर कमी असला तर तो सापडेपर्यंत कुणी हलायचं नाही. विमानाच्या पोटात विसरलेला पाना माणसं मारतो, असं हे म्हणायचे. भाऊ वैतागायचा. "दाजी, होडीत पाना ऱ्हायला तर काय, माशाला लागंल?" पण शोधायचा. एकदा ब्रश सापडेना म्हणून आम्ही तिघं अंधार पडेपर्यंत गवत चाळत होतो. तो गायीनं चावून टाकलेला निघाला.

हळूहळू हे खुर्चीतून उठायला लागले. वल्हं अडकवायची लोखंडी कडी निखळली होती, ती यांनी डाव्या हातानं हातोडी धरून ठोकली. चार घाव चुकले. पाचवा बसला, तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. उजवा हात मात्र यांनी कशालाच लावला नव्हता. तो खिशात असायचा.

होडीच्या मागच्या बाजूला बसायच्या फळीखाली एक बंद कप्पा आहे. वर गोल झाकण, आत नुसती हवा. हवेमुळं होडी तरंगते. त्यात जुनं पाणी साचून कुबट वास मारत होता. ते आम्ही फडक्यानं टिपून काढलं. हे टॉर्च घेऊन आत डोकावले आणि म्हणाले, "पाणी निघायला वाट ठेवली पाहिजे. सगळ्यात खालच्या जागी." विमानाच्या पोटाला अशी वाट असतेच म्हणे. आत दमटपणा साचला की पत्रा कुजतो.

यांनी बॅटरीवरचं ड्रिल मशीन मागितलं. मी ते डाव्या हातात द्यायला गेले, तर यांनी उजवा हात खिशातून बाहेर काढला. मी मशीनला खालून आधार दिला. "सोड," हे म्हणाले. मी सोडलं. मशीन जरा हेलकावलं, मग स्थिर झालं. बोट मशीनच्या घोड्यावर बसलं, दाबलं गेलं, पांढरा भुगा उडाला. बुडाला होल पडलं. स्वच्छ, गोल, कडेला एक चीर नाही. भाऊ म्हणाला, "वा दाजी!" मी टॉर्च धरून उभी होते, तो उगाच हलवत राहिले.

वाचणाऱ्याच्या केव्हाच लक्षात आलं असेल. आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. भाऊ पाण्याकाठी जन्मलेला. मी चौथीच्या पोरांना तरंगणं-बुडणं शिकवलेलं. आणि हे तर हे. विमानातून पाणी खाली पडतं, होडीत पाणी खालून येतं, एवढं साधं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, होडी पाण्यात सोडायची ठरली. भावजयीनं हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. भाऊ ऐटीत फळीवर बसला आणि निघाला. होडीत खरंच थेंबभर पाणी येईना. आम्ही काठावरून टाळ्या वाजवल्या. थोडं पुढे गेल्यावर झाकणाखालून बुडबुडबुड आवाज यायला लागला आणि होडीचं मागचं टोक खाली बसायला लागलं.

"दाजी!" भाऊ ओरडला. "आवो, होडी बसायला लागली! म्हशीवानी बसायला लागली!"

आणि त्यानं पाण्यात उडी मारली. पाणी छातीएवढंच होतं, म्हणून हसण्यावारी गेलं. तो होडी ढकलत काठाला आला, तोवर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. यांच्याही लक्षात आलं होतं. हे हसले नाहीत. उजवा हात खिशात गेला. हे बांधावर जाऊन पाठमोरे बसले.

मी जवळ गेले.

"घरी चल," हे म्हणाले. "मी म्हटलं होतं तुला. आता माझ्यानं होणार नाही. तुम्ही ऐकत नाही."

वर्षभर मी या माणसाशी काचेच्या भांड्यासारखं वागत होते. हळू बोलायचं, दुखेल असं काही बोलायचं नाही. त्या क्षणी माझं डोकंच फिरलं.

"काय होणार नाही? सांगा ना! हात चुकला का तुमचा? होल वाकडं पडलंय? जाऊन बघा. डोकं चुकलं. आणि डोकं तिघांचं चुकलं, तुमच्या एकट्याचं नाही. मी काय तिथं टॉर्च धरून आरती ओवाळत होते?"

माझा आवाज इतका चढला होता की टॉवेल आणायला गेलेली भावजय घरातून बाहेर आली. हे उठले. होडी भावानं आडवी कलती करून ठेवली होती, होलातून पाण्याची बारीक धार पडत होती. हे तिच्यापाशी वाकले. उजव्या हाताची तर्जनी होलाच्या कडेवरून फिरवली. एकदा, मग पुन्हा.

"काम चांगलं झालंय," हे स्वतःशीच म्हणाले.

तेवढ्यात भाऊ ओल्या कपड्यांनिशी लांबीचा गोळा मळत आला. "दाजी, काळजी नका करू, हे लावतो, बुजून जाईल."

"हात लावू नकोस!" हे गरजले. "होल मी पाडलंय. मीच बंद करणार."

मग जुन्या ट्यूबचा रबर कापून वायसर केले, एक आतून, एक बाहेरून. त्यातून बोल्ट घातला. काम झाल्यावर बोल्ट काढायचा, कप्पा रिकामा करायचा. पाण्यात जायच्या आधी घट्ट करायचा. मोठ्या बोटींना असं बूच असतंच, असं नंतर कळलं. म्हणजे आम्ही अगदीच वेडे नव्हतो, फक्त अर्धे. नट आवळायला यांनी डाव्या हातात पाना घेतला आणि बोल्टचं डोकं उजव्या हातानं धरलं. तो हातातून निसटायचा, हे पुन्हा धरायचे. मी आणि भाऊ होडी कलती धरून उभे होतो आणि आमचे हात भरून आले होते. भाऊ मदतीला पुढे व्हायला लागला की मी त्याच्या पायावर पाय द्यायचे.

बोल्ट बसला. "आता कोण जाणार?" भावानं विचारलं. त्याची परत जायची हिंमत नव्हती, हे दिसत होतं.

"मी," हे म्हणाले.

भावानं ट्रॅक्टरच्या दोन फुगवलेल्या ट्यूब होडीत टाकल्या, एक यांच्यासाठी आणि एक माझ्यासाठी, कारण मी यांना एकट्याला सोडणं शक्यच नव्हतं. हे वल्ह्यांवर बसले. डावा हात जोरात, उजवा जेमतेम. होडी उजवीकडे वळली, वळत वळत पुन्हा काठाला लागली. पुन्हा तेच.

"दाजी, व्हॉल्व तिकडं हाय!"

मी उजव्या वल्ह्याला हात घालायला पुढे झाले.

"बस खाली," हे म्हणाले. "उजव्याला ढकलून उपयोग नाही. डाव्यानं जरा थांबलं पाहिजे."

आणि यांनी डावं वल्हं आवरलं. उजवं पाण्यातून पूर्ण येईपर्यंत डाव्याला थोपवून धरायचं, मग दोन्ही मिळून पुढचा हात. होडी सरळ झाली. गोगलगायीनं हसावं असा वेग, पण सरळ. मी कप्प्याचं झाकण उघडून आत हात घातला. कोरडं होतं.

फुटव्हॉल्वचा दोर एका निळ्या पिंपाला बांधून तरंगत ठेवलेला असतो. तिथं पोचल्यावर यांनी उजवा हात लांब करून दोर धरला. मूठ पुरती मिटली नाही, करंगळी बाहेरच राहिली. पण दोर सुटला नाही. मग काठाकडे वळून यांनी हाक मारली.

"अरे, पोचलो! सांग, काय काय काम आहे?"

भावानं तोंडाशी हात धरून सांगितलं, "शेवाळ काढा दाजी! आन् दोर बी बदलायचाय, लय कुजलाय!"

"आणि?" हे ओरडले.

"पिंपाची कडी ढिली झालीय!"

"आणि?"

भाऊ काठावर उभा राहून आठवून आठवून कामं सांगत राहिला. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.