दसऱ्याला पुजलेला पाना

चहा आधी संपवा, मग सांगतो. मध्येच ठसका लागला तर नाव माझं व्हायचं, आणि या प्रकरणात माझं नाव आधीच पुरेसं झालंय.

आमच्या गल्लीत पहिली इलेक्ट्रिक कार मी घेतली. आयुष्य कचेरीत टेबलामागं गेलं, पण गाडी आल्यापासून मी एकदम विजेचा जाणकार. कोणी सहज 'कशी चालते हो?' म्हटलं की त्याचा चहा थंड होईपर्यंत मी सोडत नसे.

मग आला दसरा. गाडीची पूजा करायला बॉनेट उघडलं, तर इंजिनच नाही. हळदकुंकू वाहायचं कुठं? कोपऱ्यात एक छोटी बॅटरी दिसली, साध्या गाडीत असते तशीच. मोठी बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते, पण तिला जागं करते ही छोटी. हे मला माहीत होतं बरं का. तेच तर दुःख आहे.

"हिलेच बांधा पूजेचा नाडा," आमची बायको सुनंदा म्हणाली.

नाडा वाऱ्यानं उडू नये म्हणून मी बॅटरीच्या तारेचा नट सैल केला आणि नाडा त्याखाली अडकवला. आता नट आवळायचा, तर पाना कुठाय? पाटावर. हळदकुंकू लावलेला, वर झेंडूचं फूल.

"दे तो इकडं."

"आता? पुजलेलं अवजार आजच्या दिवशी उचलतेत का? उद्या आवळा."

बरोबरच होतं तिचं. दसऱ्याला अवजारांना सुट्टी, ही आमच्याकडची रीत. मी नट बोटांनीच फिरवला आणि बॉनेट लावलं. तो उद्या काही उगवला नाही. तुम्हाला पुढचं कळलं असेल. मला नाही कळलं.

पुढच्या रविवारी नेरला आमच्या मुलीचं, सायलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. मुलाचे आजोबा मुहूर्ताचे कडक, म्हणून कार्यक्रम त्यांच्याच घरी. माझा साळा म्हणाला, "भाऊजी, माही जीप न्या." मी हसलो. जीप? आजच्या दिवशी?

लोहारा सोडलं आणि पहिल्याच खड्ड्यात समोरची स्क्रीन लुकलुकली. दुसऱ्या खड्ड्यात गाडीनं आचका दिला.

"काय झालं?" सुनंदा.

"काही नाही. विजेचा भार जास्त होऊन राह्यला." मी एसी बंद केला.

थोड्या वेळानं पुन्हा आचका. मी गाणी बंद केली, सायलीच्या मोबाइलचं चार्जिंग काढायला लावलं.

"बाबा, माहा मेकअप ओघळून राह्यला."

"बेटा, विज्ञानापुढं मेकअप काय?"

नेर जवळ आलं आणि एका गतिरोधकावर विज्ञान संपलं. स्क्रीन काळी. गाडी ठार.

मी कंपनीला फोन लावला आणि झाडलं. तुमची मोटर खराब, तुमची बॅटरी खराब, तुमची माणसं कामचुकार. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "सर, बॉनेटमध्ये कोणी काही काम केलंय का?"

"कोणाची हिंमत आहे?" मी म्हणालो.

गाडी ओढून न्यायला माणसं यायला दुपार होणार होती. तेवढ्यात एक ट्रॅक्टर थांबला. "काका, चार्जिंग संपली काय? बसा मांगं, सोडतो नेरले." पैठणीतली सायली ट्रॉलीकडं बघत राहिली. डोळे भरले होते. पोरीच्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस, आणि बाप आपल्या हौसेपायी तिला रस्त्यावर घेऊन उभा.

"बॉनेट उघडा," सुनंदा म्हणाली. "पूजेत काई कमी राह्यलं असन. नारळ हाय सोबत."

जाणकार माणसानं निमूटपणे बॉनेट उघडलं. वाकडा झालेला नाडा सरळ करायला तिनं तार दाबली आणि सायली आतून ओरडली, "बाबा, स्क्रीन लागली!"

सुनंदानं भक्तिभावानं हात जोडले. स्क्रीन गेली.

"आई, हात जोडू नको. होता तिथंच ठेव."

ठेवला. लागली. काढला. गेली. मग सुनंदानं तार नुसती उचलली, तर नटासकट हातात आली. दोघी माझ्याकडं पाहायला लागल्या. ट्रॅक्टरवालाही पाहायला लागला, त्याला तर कारणसुद्धा माहीत नव्हतं.

"पाना कुठी हाय?" सुनंदानं विचारलं.

"देवघरात. फुलासकट."

ट्रॅक्टरवाल्याच्या पान्यानं मी नट असा आवळला, की आता तो नातवंडांनाही सुटायचा नाही. गाडी सुरू झाली, एसीही लागला, आणि आम्ही मुहूर्ताला अगदी टेकून पोचलो.

"वाटेत काई तरास?" व्याह्यांनी विचारलं.

"किरकोळ तांत्रिक अडचण," मी काळे हात पाठीमागं लपवून म्हणालो.

नेमका तेव्हाच कंपनीचा फोन आला, आणि माझा फोन सुनंदाच्या पर्समध्ये. ती भर मांडवात सांगत होती, "नाई नाई, माणसं पाठवू नका. तुमची गाडी चांगली हाय. यायनंच नट सैल ठेवला होता, पाना पूजेत होता म्हणून." पुढं तिनं नाड्यापासून ट्रॉलीपर्यंत सगळं सांगितलं. कडक आजोबा एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. दोन्ही घरांतला अवघडलेपणा त्या हसण्यातच गेला. सायलीही हसली, आणि मला तेवढं पुरे होतं.

यंदा व्याह्यांनीही इलेक्ट्रिक कार घेतली, माझ्याच सल्ल्यानं. दसऱ्याला आग्रहाचा फोन आला.

"व्याहीबुवा, पूजेले याच. नारळ तुमच्याच हातानं फोडू. फक्त बॉनेट आम्ही आधीच लावून ठेवू."