नाव न विचारता दिलेलं ताक

"नाव मागनं इचारू, आदी ताक घ्या," म्हणत ते धनगर गृहस्थ तांब्या पुढे करत. वेल्ह्याच्या डोंगरातली त्यांची धनगरवस्ती तुमच्यापैकी कुणी पाहिली असेल, तर हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. उन्हातून आलेल्या माणसाला काही देण्याआधी नावगाव विचारणं तिथे कमीपणाचं मानत.

मी भोरच्या वाचनालयात काम करत असे. बाजाराच्या दिवशी ते लोणी विकायला येत आणि जाताना माझ्याकडून वर्तमानपत्र वाचून घेत. लढाईच्या बातम्या ऐकून म्हणत, "आमचं एडकं बरं, मास्तर. टकरा खेळत्यात, पर दमलं की चराय लागत्यात."

बेचाळीस साली कुणीतरी तारा तोडल्या. पकडलेल्या दोन पोरांनी या वस्तीवर ताक प्यायल्याचं सांगितलं. लगेच एका साप्ताहिकात अग्रलेख आला : या डोंगरातल्या साऱ्या वस्त्या म्हणजे घातपात करणाऱ्यांची घरटी. गिऱ्हाइकांनी त्यांचं लोणी घेणं सोडलं.

मी तो लेख त्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला आणि मला घेऊन त्या साप्ताहिकाच्या छापखान्यात गेले.

संपादक म्हणाले, खुलासा छापतो. मात्र त्या पोरांना ताक दिलं ही चूक झाली, यापुढे अनोळखी माणसाला वस्तीवर थारा देणार नाही, असं लिहून द्या.

"पोरं वळखीची नव्हती, हे लिवा. तारा आमी तोडल्या न्हाईत, हेबी लिवा. पर तान्हेल्याला ताक देनार, ते गाळू नगा." मग जरा हसून म्हणाले, "तोरण्याला जाताना तुमीबी प्यालाव की, सायेब. म्हनून आमी छापखानेवालं झालो का?"

अक्षरांचे खिळे जुळवणारा कामगार खाली मान घालून हसला. संपादक हसले नाहीत. ताक देण्याचं वाक्य गाळल्याशिवाय काही छापणार नाही, म्हणाले.

तेव्हापासून दर बाजारी ते छापखान्यासमोरच मडकं घेऊन बसू लागले. माझ्याखेरीज क्वचितच कुणी लोणी घेई. येणाऱ्याजाणाऱ्याला, संपादकांनाही, ते रामराम घालत.

त्या थंडीत ते तापाने गेले.

सुतक फिटल्यावर त्यांच्या पत्नी वाचनालयाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. खुलासा आला का, विचारलं. मी नाही म्हटलं. ते एक वाक्य गाळून छापून घेऊ, लोणी तरी खपेल, असं मीच सुचवलं.

"ते गेलं, मास्तर," त्या म्हणाल्या. "वस्ती हाय न्हवं अजून. तान्हेलं मानूस येनारच."

मडकं डोक्यावर घेऊन त्या छापखान्याकडे गेल्या आणि त्यांच्या जागी बसल्या.